गच्चीवरचा डेक: आधी पाण्याची वाट, मग रेलिंग, शेवटी फळी

डेक, म्हणजे गच्चीवर सांगाड्यावर उचलून बसवलेली फळ्यांची जमीन, करायचा ठरला की पहिला फेरा दुकानात फळीचे नमुने बघायला होतो. रंग पसंत पडतो, चौरस फुटाचा दर ठरतो, आणि फळीखालचं पाणी कुठून जाणार हा प्रश्न वळवाची पहिली जोरदार सर आल्यावर उभा राहतो. आमचं सांगणं उलट क्रमाचं आहे. फळी खराब निघाली तर एका दिवसात बदलता येते. रेलिंग बदलायला चार दिवस लागतील. पण डेकखालचं वॉटरप्रूफिंग चुकलं तर फळ्या, सांगाडा, पेडेस्टल (म्हणजे खालचे आधाराचे पाय) सगळं उचलून गच्ची उघडी करावी लागते आणि खोलीच्या छताचा रंग पुन्हा काढावा लागतो. म्हणून निवड खालून वर करायची.

कोल्हापुरात एकाच साहित्याचा सल्ला सगळ्यांना चालत नाही, कारण पाऊस सारखा नाही. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पडतो. पश्चिमेला गगनबावड्याकडे त्याच्या काही पट, तर पूर्वेला शिरोळकडे बराच कमी. ताराबाई पार्कातल्या बंगल्याला जी फळी शोभते ती पन्हाळ्यावरच्या घरात दोन पावसाळ्यांत शेवाळाने हिरवी होते. घर कुठल्या बाजूला आहे हे आधी लक्षात घ्या.

पातळ्या मोजा, मगच दुकानात जा

डेक म्हणजे गच्चीची जमीन चार ते साडेपाच इंच वर उचलणं. सगळ्यात कमी जागेत बसवायचं म्हटलं तरी पेडेस्टल ३५ मिमी, त्यावर ४० मिमीचा बॉक्स पाइप, त्यावर २५ मिमीची फळी, म्हणजे १०० मिमी होतात. ही झाली ढाळाच्या वरच्या टोकाची उंची. खालच्या टोकाला ढाळाएवढी भर पडते.

याचे परिणाम दोन ठिकाणी होतात. पहिलं ठिकाण दाराचा उंबरा. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर डेकच्या तयार पातळीच्या वर निदान १५० मिमी चढलेला हवा. दारात तेवढी जागा मिळत नाही, म्हणून उंबरा स्लॅबपासून कमीत कमी १५० मिमी उंच पाहिजे, थर उंबऱ्याखाली आतपर्यंत घेतलेला पाहिजे, आणि दारासमोर फळीऐवजी जाळीची पट्टी टाकून तिच्याखाली पाणी मोकळं पडू द्यायचं. उंबरा दोनच इंचाचा असेल तर आधी तो वाढवा, नाहीतर दारापुढचा दीड-दोन फुटांचा पट्टा डेकविना ठेवा. ‘सिलिकॉन मारून देतो’ हे उत्तर इथे मान्य करू नका.

दुसरं ठिकाण पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे. तीन फुटी पॅरापेट म्हणजे ९१५ मिमी. त्यातून डेकचे १०० वजा केले की ८१५ राहतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली. डेकच्या तयार पातळीपासून १०५० मिमी उंची मिळायलाच हवी, ११०० असेल तर उत्तम. म्हणजे जुन्या पॅरापेटवर दहा इंचांच्या आसपास रेलिंग चढवायचंच आहे, असं धरून बजेट करा. कठड्याला लागून बाक किंवा कुंड्यांचा कट्टा करणार असाल तर उंची त्या बाकावरून मोजायची. पोरं बाकावर चढतातच.

ढाळ, थर आणि निचरा

गच्चीचा ढाळ किमान १:१०० हवा, म्हणजे एक मीटरला १० मिमी. १२ फूट लांबीला साधारण ३७ मिमी. लेव्हल पाइप लावून चारही कोपरे आणि मधले दोन-तीन ठिकाण मोजा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे गच्ची धुवायची आणि अर्ध्या तासाने बघायचं. जिथे डबकं राहिलं तिथे खडूने गोल काढा. उघड्या गच्चीवरचं डबकं उन्हाने वाळतं. डेकखालचं वाळत नाही, तिथे डास होतात आणि सांगाड्याचे पाय सडतात. खडूच्या गोलात पॉलिमर घातलेला मसाला भरून ढाळ दुरुस्त करणं हे डेकचं पहिलं काम.

जुन्या घरांवर बहुतेक ठिकाणी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवर घातलेला सिमेंटचा थर, असतो. लोखंडी सळीच्या टोकाने ठोकत फिरा. पोकळ आवाज येतो तिथे कोबा सुटलेला असतो. एखाद-दुसरी जागा असेल तर तेवढीच काढून भरा. निम्म्या गच्चीवर पोकळ वाजत असेल तर त्यावर कुठलाही थर मारण्यात पैसा घालू नका, कोबा नवीन करून घ्या.

डेकखाली दोन थर आम्हाला भरवशाचे वाटतात. एक, लिक्विड पीयू (पॉलियुरेथेन) किंवा दोन घटकांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग, फायबरची जाळी मध्ये घालून दोन आडवे-उभे हात. दुसरा, ४ मिमीचा एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे डांबराची जाड शीट, जोडाला १०० मिमी ओव्हरलॅप देऊन टॉर्चने चिकटवलेला. गच्ची लहान, कोपरे आणि पाइप जास्त असतील तर लिक्विड घ्या. मोठी, मोकळी, चौकोनी असेल तर मेम्ब्रेन. थर कोणताही असो, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात आधी वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, काढलीच पाहिजे. काटकोनात वळवलेला थर तिथेच चिरतो. मेम्ब्रेनवर पेडेस्टल थेट ठेवलं तर एप्रिल-मेच्या उन्हात डांबर मऊ होऊन पाय रुततात आणि डेक हळूहळू वाकडा होतो. म्हणून मेम्ब्रेनवर ४० मिमीचा संरक्षक कोबा घाला.

आता पाइप. तासाला १०० मिमी असा जोराचा पाऊस धरला तर १०० मिमी व्यासाचा उभा पाइप साधारण ४२ चौरस मीटरचं पाणी नेतो, आणि ७५ मिमीचा साधारण २० चौरस मीटरचं. १२ बाय १६ फुटांची गच्ची १७.८ चौरस मीटर भरते, म्हणजे तासाला सुमारे १७८० लिटर पाणी. कागदावर ७५ चा एक पाइप पुरतो. प्रत्यक्षात १०० मिमीचे दोन घ्या. याचं कारण पाऊस नाही, पानं आहेत. एक तोंड तुंबलं तर दुसरं चालू राहिलं पाहिजे. वरच्या मजल्याच्या छताचं पाणीही याच गच्चीवर पडत असेल तर ते क्षेत्रफळ हिशेबात धरायला विसरू नका, बहुतेक लोक इथेच चुकतात.

पाइपच्या तोंडापाशी साधारण ४५० मिमी चौकोनाचा, २५ मिमी खोल खळगा करा आणि थर त्या खळग्यातून पाइपच्या तोंडात आतपर्यंत उतरवा. वर सपाट जाळी नको, घुमटाच्या आकाराची बसवा. सपाट जाळीवर पिंपळाचं एक पान बसलं की तोंड बंद होतं. शिवाय पॅरापेटमधून बाहेर निघणारी एक ओव्हरफ्लो पन्हळ, थराच्या वर सुमारे ५० मिमीवर आणि उंबऱ्याच्या खाली. दोन्ही पाइप तुंबले तर पाणी घरात शिरण्याआधी इथून बाहेर पडेल, आणि खाली धार दिसल्यावर तुम्हालाही कळेल.

हे झालं की तोंडं बंद करून ५० मिमी पाणी ४८ तास साठवा. खालच्या खोलीच्या छताला हात लावून बघा, विशेषतः पाइप आणि भिंतीच्या कडेला. ही परीक्षा झाल्याशिवाय सांगाड्याचं सामान वर चढवू देऊ नका. सगळं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आटोपलं तर वळीव तुमच्यासाठी फुकटची दुसरी परीक्षा घेतो.

खाली स्लॅब नसेल, पोर्च असेल तर

लोखंडी सांगाड्यावर उचललेला डेक आणि त्याखाली गाडी लावायची जागा, असं काम हल्ली कळंबा, फुलेवाडीकडच्या बंगल्यांत बरंच दिसतं. फळ्यांच्या फटींतून पाणी गळणारच. ते अडवायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत आडव्या पाइपांच्या खाली कलर कोटेड पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट छतासारखं लावतात. गाडी कोरडी राहते, पण सांगाडा भिजतच राहतो. दुसरीत आडव्या पाइपांच्या वरून ईपीडीएम रबरशीट अंथरून दोन पाइपांच्या मध्ये तिची पन्हळ पाडतात आणि मग वर फळी. यात सांगाडाही कोरडा राहतो. दुसरी महाग आहे, पण सांगाडा एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, असेल तर आम्ही तीच सुचवू. सांगाडा गंजला तर वरचं सगळं गेलं.

दोन्हींत पन्हळीचा ढाळ १:५० तरी ठेवा, १:१०० इथे कमी पडतो, कारण पानांचा कचरा पन्हळीत अडकतो. पन्हळीचं खालचं टोक उघडं हवं, पाण्याची नळी घालून धुता येईल असं. घराच्या भिंतीला जिथे डेक टेकतो तिथे प्लास्टरमध्ये २५ मिमी खोल चर काढून त्यात ॲल्युमिनियमची फ्लॅशिंग पट्टी बसवा, वर सीलंट. नुसत्या सीलंटवर ठेवलेली पट्टी वर्ष-दोन वर्षांत भिंत सोडते. पत्र्यावर पावसाचा आवाज मोठा होतो. पोर्चला लागून झोपायची खोली असेल तर हेही ध्यानात घ्या.

सांगाडा

गच्चीवर ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड बॉक्स पाइप, ५० बाय २५ किंवा ४० बाय ४०, जाडी २ मिमी. आडवे पाइप ढाळाच्या दिशेने टाका. ढाळाला आडवे टाकले तर तेच बांध होऊन पाणी अडवतात. दोन पाइपांतलं अंतर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळीला मध्यापासून मध्यापर्यंत ३५० मिमीच्या आत हवं. काही मिस्त्री दोन फुटांवर पाइप टाकून सामान वाचवतात. थंडीत ते खपून जातं, पण उन्हाळ्यात फळी मऊ पडून पायाखाली दबते आणि कायमची वाकते. या आडव्या पाइपाऐवजी डब्ल्यूपीसीचा जॉइस्टही बाजारात मिळतो. तो भार पेलणारा नाही, पूर्ण लांबीत कोब्यावर टेकलेला असेल तरच चालतो, आणि टेकला की पाणी अडवतो. तो घेऊ नका.

फळी

सागवान अजूनही पायाला सगळ्यात चांगलं वाटणारं लाकूड आहे. टिंबर मार्केटमध्ये घेताना फळीच्या कडा बघा. पांढुरका पट्टा म्हणजे गाभ्याबाहेरचं लाकूड, त्यात सागाचं तेल नसतं आणि वाळवी, बुरशी तिथूनच सुरू होते. गाभ्याचीच फळी निवडून घ्यायला दर जास्त पडतो, तो द्या. ९० ते १०० मिमी रुंद, २५ मिमी जाड. त्याहून रुंद फळी पावसाळ्यात वाटीसारखी वळते. फटी ५ मिमी. स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चेच, आधी भोक पाडून. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागाच्या टॅनिनमुळे काळा डाग पसरतो तो कधीच जात नाही. वर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश नको, बाहेरच्या उन्हात त्याचे पापुद्रे निघतात. डेकिंग ऑइल लावा, दिवाळीनंतर लाकूड पूर्ण वाळल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा. हे वर्षातून दोनदा होणार नसेल तर साग घेऊ नका.

डब्ल्यूपीसीत फरक फार असतो आणि तो वरून दिसत नाही. तुकडा उलटा करून कापलेली बाजू बघा. भरीव आहे की पोकळ, लाकडाचा भुसा एकसारखा मिसळला आहे की पांढरे-काळे ठिपके आहेत, कडेला नख दाबलं तर दाणे सुटतात का. आम्ही भरीव फळी सुचवतो, तीही को-एक्सट्रूडेड, म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कवच असलेली. डाग आणि शेवाळ दोन्ही कमी धरते. पोकळ फळीच्या उघड्या टोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते.

दुकानदाराकडून सहा-सहा इंचांचे दोन-तीन तुकडे मागून घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून चिठ्ठी चिकटवा, बादलीत २४ तास बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ५०० ग्रॅमचा तुकडा ५०५ झाला तर ठीक, ५२० झाला तर ती फळी फुगणार. मग तेच तुकडे दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेवा आणि अनवाणी पाय ठेवून बघा. गडद तपकिरी आणि करड्या रंगातला फरक तळपायाला लगेच कळतो. पश्चिमेच्या उन्हाच्या गच्चीवर गडद रंग घेतला तर संध्याकाळी पाचपर्यंत तिथे चपलेशिवाय चालता येणार नाही.

डब्ल्यूपीसी उन्हाने लांबीत वाढते. २.९ मीटरची फळी ४० अंशांच्या फरकाला साधारण ५ मिमी. डिसेंबरच्या सकाळी बसवत असाल तर टोकाला ६ मिमी फट, एप्रिलच्या दुपारी ३ मिमी, भिंतीकडे नेहमी १० मिमी. फटी न ठेवता ठोकून बसवलेली फळी उन्हाळ्यात मधून उचलते, क्लिप तुटतात. दोन फळ्यांचा जोड एका पाइपवर घेऊ नका. तिथे पाइप दुहेरी टाका, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःची क्लिप मिळते.

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी भागात मात्र फळीचा हट्ट सोडलेला बरा. तिथे २० मिमी जाडीची बाहेरची पोर्सेलिन टाइल, ६०० बाय ६००, आर ११ दर्जाची (पाय न घसरणारी) खरबरीत, थेट पेडेस्टलवर ठेवा. चौरस मीटरला साधारण ४५ किलोपेक्षा थोडं जास्त वजन होतं, तेवढं स्लॅब घेईल का हे इंजिनिअरला विचारून घ्या. सडण्याचा प्रश्न नाही, आणि कुठलीही टाइल उचलून खाली झाडता येतं.

१२ बाय १६ फुटांचा हिशेब

१४० मिमी फळी आणि ५ मिमी फट, म्हणजे १२ फूट रुंदीत २६ ओळी. १६ फुटांच्या २६ ओळी म्हणजे १२७ मीटर. २.९ मीटरच्या ४४ फळ्या, तुटीसह ४८ मागवा. ३५० मिमीवर १५ आडवे पाइप, प्रत्येकी १२ फूट, १८० फूट झाले. कडेच्या पट्ट्या आणि जोडाखालचे दुहेरी पाइप धरून २४० फूट. दर दोन फुटांवर पेडेस्टल म्हणजे पाइपाला ७, एकूण १०५. दुहेरी पाइपांसाठी १५ जादा. क्लिप ३९० लागतात, ४५० घ्या. भरीव फळीचंच वजन साडेपाचशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा सगळा ढीग गच्चीच्या मधोमध रचू नका, भिंतींच्या कडेने पसरून ठेवा.

पाणी जाणाऱ्या पाइपाच्या प्रत्येक तोंडावर दीड बाय दीड फुटाची उचलता येणारी झडप करायला सुताराला आधीच सांगा. नंतर करायला गेलं तर चार ओळी उकलाव्या लागतात. आणि झडप नसलेलं तोंड कोणी साफ करत नाही.

रेलिंग

शहरात एसएस ३०४ पुरेसं आहे. समुद्र घाटाखाली राहिला, त्यामुळे ३१६ चा खर्च इथे वाया जातो, तो मालवण-वेंगुर्ल्याच्या घराला करावा. खरी अडचण वेगळी आहे. ३०४ सांगून २०२ दिलं जातं. दोन्ही चकचकीत, दोन्हींना चुंबक जवळपास लागत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा निरुपयोगी. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या वर असतं, २०२ मध्ये ४ ते ६, आणि त्याऐवजी मँगेनीज भरलेलं असतं. पहिल्या पावसाळ्यानंतर २०२ वर चहाच्या रंगाचे ठिपके येतात. आपलं गाव फाउंड्रीचं आहे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) पाइपचा तुकडा तपासून घेणं अवघड नाही. ऑर्डर देतानाच ‘तुकडा तपासणार’ असं सांगितलं की बरेचदा तेवढ्यानेच योग्य माल येतो.

खांब ५० मिमी, १६ गेज, दोन खांबांत ९०० ते १२०० मिमी. उभ्या दांड्यांतली फट १०० मिमीच्या आत, म्हणजे लहान मुलाचं डोकं जाणार नाही. आडव्या नळ्यांचं रेलिंग दिसायला छान असतं, पण ती मुलांसाठी शिडी आहे. घरात लहान मूल असेल तर उभ्या दांड्याच घ्या. वेल्डिंग आरगॉनचं. रेलिंग लावून झाल्यावर टाइल धुवायचं ॲसिड गच्चीवर वापरू देऊ नका, त्याची वाफही एसएसला खड्डे पाडते. त्याच जागेवर लोखंड ग्राइंड केलं तर उडालेले कण एसएसवर बसून गंजतात, आणि दोष पाइपला दिला जातो.

बजेट कमी असेल तर एमएस वाईट नाही. उद्यमनगरात काम उत्तम होतं. अट एकच, आधी पूर्ण वेल्डिंग, मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणं), मग बाहेरच्या वापराचं पॉलिस्टर पावडर कोटिंग. गॅल्व्हनाइज केल्यावर वेल्ड मारला की तिथलं जस्त जळतं आणि गंज बरोबर तिथून सुरू होतो. बॉक्स पाइपच्या तळाला ६ मिमीचं भोक ठेवा, आत साचलेलं पाणी उतरायला.

काच लावायची तर टफन्ड काचेचीच लॅमिनेटेड, ६ अधिक ६ मिमी, मध्ये १.५२ मिमीचा थर. नुसती १२ मिमी टफन्ड फुटली तर तिचे तुकडे होऊन सगळी एकदम खाली पडते आणि कठड्याची जागा मोकळी राहते. भोकं आणि कटिंग टफन करण्याआधीच, नंतर होत नाही.

खांब कुठे बसवायचा हे वॉटरप्रूफिंगवाल्यासमोर ठरवा. गच्चीच्या फरशीत ड्रिल मारून बेसप्लेट बसवली की थराला चार भोकं पडली. खांब पॅरापेटच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या अंगाला केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून पक्क्या केलेल्या बोल्टने) घ्या, आणि पॅरापेट विटेचा असेल तर माथ्यावर आधी ७५ मिमीचा आरसीसी बँड ओता. नुसत्या विटेत बसवलेला अँकर माणूस टेकला की सुटतो.

पावसाळ्याआधी आणि नंतर

मे अखेरीस सगळ्या झडपा उचलून तोंडं साफ करा, बादलीभर पाणी ओतून खाली पाइपातून येताना बघा. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी. शेवाळ दिसलं की नायलॉनच्या ब्रशने फळीच्या रेषेत घासा, तारेचा ब्रश नको. कुंड्यांखाली पाय असलेले स्टँड ठेवा, नाहीतर खाली गोल डाग पडतो.

चार जादा फळ्या आणि पन्नास क्लिप मागे ठेवा, कारण पुढच्या लॉटचा रंग तंतोतंत जुळत नाही. त्या फळ्या जिन्याखाली अंधारात ठेवू नका. गच्चीच्या कोपऱ्यात उन्हातच सपाट आडव्या ठेवल्या तर डेकबरोबर त्यांचाही रंग उतरतो, आणि बदलायची वेळ आली की नवी फळी वेगळी दिसत नाही.